आजचं जेवन माझं

अक्का, तुम्ही सांगू नको म्हणाला होतात, ते मी यांना सांगून टाकलं. तुमच्या तेराव्याला, तुमच्याच घरामागे, कांदा साठवायच्या चाळीपाशी उभं राहून. कोणतीही गोष्ट आधी विचारायची, ठरवायची आणि मग करायची, ही माझी रीत तुम्हाला माहीत आहे. तिच्यावरूनच तुम्ही मला 'यादीबाई' म्हणायचात. या वेळी विचारायची सोय नव्हती. म्हणून मागाहून कळवते आहे.

नीट क्रमाने कळवायचं असं ठरवून बसले होते. पण ती संध्याकाळ क्रमाने येत नाही. शाळेच्या ऑफिसातून मी रजा घेतली आहे. दुपारी जेवणं झाली की पडदे ओढून जरा आडवी होते, आणि डोळा लागतो न लागतो तोच धरणाच्या रस्त्यावरचं ते पिझ्झाचं हॉटेल समोर येतं. आधी येतो तो विस्तव. काचेपलीकडची ती घुमटासारखी भट्टी, तिच्या तोंडाशी रचलेली लाकडं, आणि आत काहीतरी पिवळं-केशरी हलतंय. मग तुमचा चेहरा, भट्टीच्या उजेडात एका बाजूने तांबूस झालेला. बाहेर माघातली थंडी. कुंपणापलीकडे द्राक्षांची बाग, घडांना कागद गुंडाळलेले. रस्त्यावरून गाडी वळली की ते कागद पांढरे व्हायचे आणि परत अंधारात जायचे. कुणीतरी बागभर बारके कंदील लावतंय आणि विझवतंय असं वाटायचं. हे सगळं मी त्या दिवशी पाहिल्याचं मला आठवत नाही. त्या दिवशी मी टेबल मिळवायच्या मागे होते. आता रोज दुपारी बघते.

तुम्हाला सगळं ठाऊक आहे, तरी मुळापासून सांगते. त्याशिवाय मला पुढे जाता येत नाही.

तुमच्या सोनालीचं लग्न. मुलीला मंडपात आणायचा मान मामाचा, आणि मामा म्हणजे तुमचा बापू, माझे हे. नाशिकहून सटाण्याला येताना आमची गाडी भावडबारी घाटात बंद पडली. फोनला रेंज नव्हती. मेकॅनिक मिळून गाडी सुरू होऊन आम्ही पोचलो, तेव्हा शेवटच्या अक्षताही पडून गेल्या होत्या. तुमच्या चुलतभावाने सोनालीला मंडपात आणलं होतं. हे दारातच थांबले. मामाकडची साडी सोनालीच्या हातात दिली आणि गाडीकडे वळले. तुम्ही नऊवारीचा सोगा सावरत मागे धावत आलात.

"बापू, दोन घास खाऊन जा."

"माझ्या जागी ज्याला उभं केलंस ना, त्याला वाढ," हे म्हणाले. आणि आम्ही तुमच्या दारातून न जेवता निघालो.

तिथून अबोला. तुमचं म्हणणं, मुहूर्त कुणासाठी थांबतो का? यांचं म्हणणं, सख्ख्या भावासाठी दहा मिनिटं थांबला असता. मी दोन्ही बाजू मांडून पाहिल्या, दोन्ही बरोबर निघाल्या. दोन्ही बरोबर असलेलं भांडण कसं मिटवायचं, हे मला कुठल्याच ऑफिसात कुणी शिकवलं नव्हतं.

आपल्याकडे अबोल्यातही बोलणं चालूच असतं, फक्त ते तिसऱ्याच्या अंगावरून जातं. तो तिसरा माणूस मी. रविवारी सकाळी तुमचा फोन यायचा. "वैनी, त्याला सांग, गुडघ्याला तेल लाव म्हणावं, थंडी पडलीय." मी रिसीव्हर कानाला धरून सांगायची. हे पेपरातून डोकं वर न काढता म्हणायचे, "तिला सांग, आधी स्वतः चपला घालून शेतात जात जा. साप-किरडू निघतं." "सांगितलं," मी म्हणायची. "ऐकलं," तुम्ही म्हणायचात. फोन ठेवल्यावर हे विचारायचे, "अजून काय म्हणाली?" तुम्हीही पुढच्या रविवारी तेच विचारायचात. दोन्हीकडचे निरोप पोचवून पोचवून मला तुमचे गुडघे, यांची सर्दी, गाईचं वासरू आणि आमच्या गॅलरीतली कढीपत्त्याची कुंडी, सगळं तोंडपाठ झालं होतं. बहीण-भावाचं एवढं बोलणं तर न भांडणाऱ्या घरांतही होत नसेल.

पण हे तुमच्याकडे येईनात, आणि तुम्ही आमच्या नाशिक रोडच्या घराची पायरी चढेनात.

म्हणून पिझ्झा. माझा हिशोब साधा होता. तुमचं घर नाही, आमचं घर नाही. तिथे कुणी यजमान नाही, कुणी पाहुणा नाही. मानपान काढायला जागाच नाही. डोळे दाखवायला म्हणून तुम्ही नाशिकला सोनालीकडे आला होतात. यांना सांगितलं, सोनालीला मामाला भेटायचंय. तुम्हाला सांगितलं, माझ्याबरोबर चला. आणि ऐनवेळी सोनालीचं काम निघालं. ते काम आम्ही दोघींनी मिळूनच काढलं होतं. तिने तुम्हाला दारात सोडलं, मामाला हात केला आणि गाडी वळवून गेली.

रविवार होता. मी आदल्या दिवशी फोन करून टेबल सांगून ठेवलं होतं. दारातल्या मुलीने मोबाइलवर बोट वर-खाली फिरवलं आणि म्हणाली, "मॅम, तुमचं नाव नाहीये." मी म्हटलं, मी स्वतः बोलले आहे, कोण बोललं त्याचं नावही सांगते. ती म्हणाली, "तो आज सुट्टीवर आहे, मॅम." मग बाहेरच्या बाकावर बसायचं आणि माइकवर नाव पुकारलं की आत जायचं. तुम्ही बाकाच्या एका टोकाला, हे दुसऱ्या टोकाला, मध्ये मी आणि माझी पर्स. आत एवढी गर्दी की दार उघडलं की आवाजाचा लोट बाहेर यायचा, आणि बंद झालं की परत बागेतले रातकिडे ऐकू यायचे.

तुम्ही उठलात आणि काचेपाशी जाऊन उभ्या राहिलात. मी मागून आले. आत एक माणूस कणकेचा गोळा मुठींवर घेऊन फिरवत होता. गोळा वाढत वाढत ताटाएवढा झाला.

"वैनी, काय शे हे? मांडे करतोय का काय तो?"

मांडे म्हणजे तुमच्याकडची पुरणपोळी. दोन्ही हातांवर फिरवत कोपरापर्यंत मोठी करायची आणि चुलीवरच्या उलट्या खापरावर अलगद टाकायची. मी लग्न होऊन दिंडोरीला तुमच्या माहेरी आले तेव्हा तुम्ही मला शिकवायला बसलात, आणि माझा पहिलाच मांडा थेट चुलीत गेला.

"पिझ्झाची पोळी आहे ती," मी म्हटलं.

"जाड हाय," तुम्ही म्हणालात. मग थोडं थांबून, "पण हात बरा हाय त्याचा."

भट्टीकडे बघतच तुम्ही पुढे बोललात. माझ्याकडे पाहिलं नाही. "लग्नाच्या दिवशी बापूसाठी दोन मांडे येगळे काढले होते. मीच केले होते पहाटे उठून. आचाऱ्याच्या हातचं त्याला आवडत नाय. दुरडीत फडक्याखाली ठेवले होते. संध्याकाळी गाईला घातले."

मी पर्स या खांद्यावरून त्या खांद्यावर घेतली.

"वैनी, आजचं जेवन माझं."

"अक्का, तुम्ही कशाला? बिलाचं मी बघते ना—"

"बिल कोणी बी भर गं. जेवन माझं. माझ्या दारातनं तो उपाशी गेलाय. आज तो माझ्याकडं जेवतोय. कळलं का? आन् त्याला सांगायचं नाय."

"का? सांगितलं तर त्यांनाही बरं वाटेल."

"उठून जाईल. एकदा उठलाय."

"नाही उठणार, अक्का."

"तुझा नवरा असंल. माझा भाऊ हाय. तुझ्याआधीपास्नं ओळखते मी त्याला."

तेवढ्यात माइकवर माझं नाव पुकारलं, तेही चुकीचं. आपला वाद तिथेच काचेपाशी राहिला. पुढे तो कधी पुरा झाला नाही.

आता दुपारी मला दिसतं त्यात माइकवरचा आवाज बदलतो. तो लग्नातल्या गुरुजींचा होतो. 'मुलीच्या मामांनी मुलीला मंडपात घेऊन यावं.' बाकावरची सगळी माणसं उठून उभी राहतात, हातात अक्षता. हे शांतपणे चपला काढतात आणि आत जातात. घाटात गाडी बंद पडलेलीच नसते. मला झोपेतही कळत असतं की हे असं झालं नव्हतं, तरी मी डोळे उघडत नाही.

खरं झालं ते असं. आपल्याला टेबल मिळालं ते एसीच्या बरोबर खाली.

"वैनी, त्याला सांग, तिथं बसू नको, सर्दी होते त्याला."

"तिला सांग, दुसरी खुर्ची नाहीये."

"त्याला म्हणावं, माझ्या जागी ये."

"तिला म्हणावं, मग तिला सर्दी होईल."

शेवटी मी एसीखाली बसले. मेनू उघडला, सूप, गार्लिक ब्रेड आणि कांदा-सिमला मिरची-मका असलेला एक मोठा पिझ्झा, असं ठरवून टाकलं. वेटर लिहून घेत होता. मागच्या टेबलावर कुणाच्यातरी वाढदिवसाच्या टाळ्या सुरू झाल्या. त्या गोंगाटात तो वाकून तुम्हाला म्हणाला, "मॅम, जैन?"

तुमचा चेहरा असा उजळला, अक्का! इतक्या वेळात त्या हॉटेलात कुणीतरी एक शहाणा प्रश्न विचारला असं तुम्हाला वाटलं असणार.

"हो तर! जेवनच! जेवनच करायला आलोय!"

त्याने मान हलवली आणि लिहिलं. मी मेनूत डोकं घालून होते. मी 'जेवन' ऐकलं. त्याने 'जैन' ऐकलं.

सूप आलं ते खारट. गार्लिक ब्रेड आला तो थंड, आणि त्यात लसणाचा पत्ता नाही. मी मनातल्या मनात त्या हॉटेलचे गुण कापत होते. मग पिझ्झा आला, लाकडी पाटावर, कडा फुगलेल्या, जागोजागी करपलेले काळे ठिपके, आणि वास असा की मागच्या टेबलावरच्या टाळ्याही मला ऐकू येईनाशा झाल्या. वेटर वाढायला लागला तशा तुम्ही उभ्या राहिलात. पदर खांद्यावरून पुढे घेतलात, कमरेला खोचलात आणि त्याच्या हातातलं ते चपटं उलथनं घेतलंत.

"द्या हिकडं. मी वाढते."

"आजी, बैठिए ना, मैं देता हूँ."

"तुम्ही जावा, तुमाला दुसरी कामं असतील."

तुम्ही पहिला तुकडा यांच्या ताटात वाढलात. चीजची तार लांब ओढली गेली, ती तुम्ही बोटाने तोडलीत. आणि यांच्या खुर्चीशेजारी उभ्याच राहिलात. पंगतीत वाढणारी बाई उभी राहते तशा.

यांना अवघडल्यासारखं झालं. "तिला सांग, इथे वाढायला माणसं असतात. बसून घे म्हणावं. लोक बघतायत."

मला सगळं माहीत होतं, आणि मला सांगता येत नव्हतं. एवढे निरोप पोचवले, आणि एकच पोचवायचा नव्हता तो नेमका हा. मी नुसतं म्हटलं, "अक्का, बसा ना."

"त्याला सांग, एक घास खा म्हणावं, मग बसते."

यांनी घास घेतला. तुम्ही बसलात. तुमचा हात टेबलाखाली माझ्या गुडघ्यावर आला आणि तिथेच राहिला, थोडा गरम, उलथन्याचं तेल लागलेला. दुपारच्या त्या झोपेत सगळ्यात जास्त वेळ हेच चालतं. हॉटेलातला सगळा आवाज दूर जातो, पाण्याखालून ऐकू यावा तसा, आणि हे सावकाश घास चावत राहतात. तो घास संपतच नाही.

पुढचं माहीतच आहे. हे चावता चावता थांबले. तुकडा उचलून खालून बघितला, वरून बघितला.

"तिला विचार, यात कांदा कुठंय?"

तुम्ही वाकून बघितलंत. तुम्हीही चकित. मी वेटरला बोलावलं. तो म्हणाला, "सर, मॅडम ने जैन बोला था ना. बिना प्याज, बिना लहसुन."

"कोण मॅडम?"

त्याने तुमच्याकडे बोट केलं.

"मी? मी कुठं जैन म्हनले! मी जेवन म्हनले, जेवन!"

मग हे हसायला लागले. आधी नाकातून, मग खांदे हलायला लागले, मग नॅपकिन तोंडावर धरला तरी आवरेना. "तिला सांग," श्वास घेत घेत हे म्हणाले, "तिला सांग, घरी चाळ भरून कांदा पडलाय, आणि ही बाई बाहेर येऊन जैन झाली!"

"त्याला सांग, त्या पोराच्या कानात बोळे होते!"

"तिला सांग, सटाण्यात कळलं तर मार्केटात फिरू देणार नाहीत!"

"त्याला सांग, दिंडोरीचा कुठला मोठा शाणा!"

तुम्ही डोळे पुसत होतात आणि यांच्याकडे बघत होतात, आणि हेही सरळ तुमच्याकडे बघून बोलत होते. मधला 'सांग' तेवढा राहिला होता. मी मान इकडून तिकडे वळवायचीही सोडून दिली होती.

मॅनेजर आला. माफी मागितली, दुसरा पिझ्झा देतो म्हणाला. चांगला माणूस होता, एवढ्या गर्दीतही घाईने बोलला नाही. हे म्हणाले, "पिझ्झा राहू द्या. एक कांदा आणा. अख्खा." पांढऱ्या बशीत कांदा आला, शेजारी सुरी. यांनी सुरी बाजूला सारली. कांदा टेबलावर ठेवला आणि वरून बुक्की मारली. पाण्याचे ग्लास उडाले, आजूबाजूच्या चार टेबलांनी वळून बघितलं. लोक बघतायत म्हणणारा माणूस हाच. कांदा फुटला. त्यांनी पाकळ्या वेगळ्या केल्या आणि अर्धा कांदा तुमच्या ताटात ठेवला. तुम्ही दोघं लहानपणी बांधावर बसून खायचात तसा, असं तुम्ही मला नंतर फोनवर सांगितलंत. त्या वेळी मात्र तुम्ही खाली मान घालून कांदा आणि पिझ्झा खात राहिलात.

दोन दिवसांनी त्या हॉटेलकडून मला मेसेज आला, आमच्याकडचा अनुभव कसा वाटला, पाचपैकी किती तारे द्याल? मला असे प्रश्न सोडवायला आवडतात. टेबलाचं चुकलं, सूप खारट, ब्रेड थंड, ऑर्डर चुकली. पोळी उत्तम, भट्टी उत्तम, मॅनेजर सभ्य. बेरीज-वजाबाकी करायला बसले आणि कितीतरी वेळ फोन हातात धरून बसून राहिले. मेसेज तसाच आहे.

आणखी एक गोष्ट तुम्हाला कधी बोलले नाही. मी नवी सून होते तेव्हा दिंडोरीच्या घरी सगळ्यांची जेवणं उरकल्यावर मी बसायची. तुम्ही माहेरपणाला आलात, लेकीच्या हक्काने पाटावर बसायच्या ऐवजी मला दंडाला धरून बसवलंत आणि म्हणालात, "तू बस आधी. यादी नंतर कर. मी वाढते." सासूबाईंच्या भुवया वर गेल्या. तुम्ही बघितलंही नाहीत. गरम पोळी माझ्या ताटात पडली, लग्नानंतरची पहिली गरम पोळी. त्या काळी 'थँक यू' म्हणायची पद्धत नव्हती, आणि पुढे पद्धत आली तेव्हा तुमच्याशी तसं बोलणं खोटं वाटलं असतं. आज लिहिते आहे, कारण लिहिताना तुम्ही मध्येच तोडू शकत नाही.

हॉटेलातून निघताना सोनाली तुम्हाला न्यायला आली. यांनी वाकून नमस्कार केला नाही, करतील असं मला वाटलं होतं. तुम्ही गाडीत बसलात. हे मला म्हणाले, "तिला सांग, काच वर घे म्हणावं, वारा गार आहे." मी सांगायच्या आतच काच वर यायला लागली. काचेत बागेतले ते पांढरे कागद दिसत होते, आणि त्यांच्यामागे तुम्ही, हळूहळू अंधुक होत गेलेल्या.

त्यानंतरच्या रविवारी मी फोनवर हळूच विचारलं, "सांगू का आता त्यांना?"

"थांब जरा. मीच सांगंन. उन्हाळ कांदा निघू दे, त्याला हिकडं बोलावते, मांडे करते, मंग सांगते."

कांदा निघाला. तुमच्या चाळीत भरलाही. तुम्ही मात्र आधीच गेलात.

तेराव्याच्या गोड जेवणाची यादी मीच केली, अक्का. तुमच्या घरातलं पीठ-तूप कुठल्या डब्यात आहे हे मला फोनवरच्या रविवारांमुळे माहीत होतं. पंगत बसली. दाजी ओसरीवर टेकून होते. सोनाली वाढत होती. हे तुमच्या घरात पानावर बसले, त्या लग्नानंतर पहिल्यांदाच. भात कालवला. घास उचलला. तसाच खाली ठेवला आणि उठून मागच्या दाराने बाहेर गेले. सोनाली हातात पातेलं घेऊन उभीच राहिली. "मामा..."

मी मागोमाग गेले. हे चाळीपाशी उभे होते. चाळीच्या पट्ट्यांमधून ऊन येत होतं, यांच्या सदऱ्यावर, गालावर उजेडाच्या रेघा. सगळीकडे नव्या कांद्याचा कोरडा गोडसर वास. मला वाटलं, मी परत झोपेतच आहे.

"दोन घास खा म्हणत मागे धावली होती," हे म्हणाले. "तेव्हा खाल्ले नाहीत. आता ती नाही आणि मी जेवायला बसलोय. घशाखाली कसं उतरायचं? आणि आता तिला सांग म्हणून कोणाला सांगू?"

मी तुम्हाला शब्द दिला होता. पण ज्या भीतीने तो घेतलात, ती आता उरली नव्हती. निदान मी तसं धरलं.

"तुम्ही जेवलायत त्यांच्याकडे," मी म्हटलं.

"कधी?"

"पिझ्झाच्या हॉटेलात. ते जेवण त्यांचं होतं. आत जायच्या आधीच त्यांनी मला सांगून ठेवलं होतं, आज बापू माझ्याकडे जेवतोय म्हणून."

"काहीतरी बोलू नकोस. बिल मी दिलं."

"मीही तेच म्हटलं. त्या म्हणाल्या, बिल कोणी बी भर, जेवन माझं."

यांनी चाळीच्या बांबूला धरलं. मग म्हणाले, "म्हणून उभी होती?"

"हो."

"आणि मी म्हणालो, लोक बघतायत."

"तुम्ही घास खाल्लात, मग बसल्या. माझ्या गुडघ्यावर हात ठेवून बसल्या होत्या. एवढं खूश मी त्यांना सोनालीच्या लग्नातही बघितलं नव्हतं."

"मग मला सांगितलं का नाही?" हे एकदम चिडून म्हणाले. "तूही नाही, तिनेही नाही!"

"उठून जाल म्हणाल्या."

"मी कशाला उठतोय—" हे म्हणाले आणि थांबले. मागच्या दारातून पंगत दिसत होती. मधलं एक पान रिकामं, कालवलेला भात तसाच.

अक्का, त्या वादात तुम्हीच बरोबर होतात. हे मी मान्य करते. भावाला तुम्ही माझ्याआधीपासून ओळखत होतात.

हे आत गेले. कुणीतरी पान उचलायला वाकलं होतं, त्याला यांनी हाताने थांबवलं. दाजींचे भाऊबंद म्हणाले, "अहो, उठलेल्या पानावर परत बसत नाहीत, पाहुणे. दुसरं मांडतो." यांनी ऐकलं नाही. मांडी घातली आणि त्याच पानावर बसले. सोनाली वरणाचं पातेलं घेऊन पुढे आली. यांनी मान वर केली, पण तिच्याकडे पाहिलं नाही. तिच्या खांद्याशेजारी, जिथे वाढणारी बाई उभी राहते, तिथे बघत म्हणाले,

"अक्के, वाढ."

मी दारातच उभी होते. मला कुणी काही सांगायला सांगितलं नाही. सोनालीने वरण वाढलं, मग भात, मग परत वरण. हे नको म्हणाले नाहीत.

तुमचा बापू पोटभर जेवला, अक्का.